परत केलेला पूरक बेकारभत्ता आणि अमेरिकेचा आयकर

मिळालेल्या पैशावर आयकर भरावा लागतो, हे कोणाला सांगावे लागत नाही. परंतु कर भरून झाल्यावर तोच पैसा परत करण्याची वेळ आली, तर भरलेल्या कराचे काय, या प्रश्नाचे उत्तर मात्र सहज मिळत नाही. अमेरिकेतील मोटार, पोलाद आणि रबर उद्योगांतील कामगारांपुढे हा प्रश्न गेल्या अर्धशतकात वेळोवेळी उभा राहिला आहे. काम बंद असताना मालकाने उभारलेल्या निधीतून मिळणारा पूरक बेकारभत्ता आणि परदेशी आयातीमुळे रोजगार गेल्याबद्दल सरकारकडून मिळणारा व्यापार-पुनर्समायोजन भत्ता, हे दोन्ही एकाच काळासाठी हाती आले, की पहिला परत करावा लागतो. या परतफेडीसाठी अमेरिकी आयकर कायद्यात स्वतंत्र तरतूद आहे आणि विवरणपत्रात स्वतंत्र ओळही आहे. ती ओळ कोणासाठी आहे आणि कोणासाठी नाही, यावर कामगाराच्या खिशातील काही शे डॉलर अवलंबून असतात. ज्याची नोकरी नुकतीच गेली आहे, त्याच्या दृष्टीने ही रक्कम लहान नव्हे.

'सब-पे'ची सुरुवात

या भत्त्याचे इंग्रजी नाव 'सप्लिमेंटल अनएम्प्लॉयमेंट बेनिफिट' असे लांबलचक असल्याने कारखान्यांतून तो 'सब-पे' म्हणूनच ओळखला जातो. त्याचा उगम १९५५ सालच्या जून महिन्यातील आहे. वॉल्टर रूथर यांच्या नेतृत्वाखालील युनायटेड ऑटो वर्कर्स या संघटनेने 'हमीच्या वार्षिक वेतना'ची मागणी लावून धरली होती. कारखाना चालो अथवा न चालो, कामगाराला वर्षभराचे वेतन मिळालेच पाहिजे, असा त्या मागणीचा अर्थ. फोर्ड कंपनीने ती जशीच्या तशी मान्य केली नाही, पण मधला मार्ग स्वीकारला. प्रत्येक कामगाराच्या कामाच्या प्रत्येक तासामागे ५ सेंट कंपनीने एका निधीत भरावेत आणि काम थांबले की त्या निधीतून, राज्य सरकारच्या बेकारभत्त्याला जोड म्हणून, कामगाराला रक्कम मिळावी, असे ठरले. राज्याचा भत्ता आणि निधीची जोड मिळून पहिले ४ आठवडे हाती पडणाऱ्या वेतनाच्या ६५ टक्के आणि त्यानंतरचे २२ आठवडे ६० टक्के, असे प्रमाण होते. निधीतून मिळणाऱ्या रकमेला आठवड्याला २५ डॉलरची मर्यादा होती. काही दिवसांतच जनरल मोटर्सनेही असाच करार केला. पुढच्या वर्षी पोलाद आणि रबर उद्योगांत ही पद्धत पोहोचली. १९६७च्या करारानंतर मोटार उद्योगातील जुन्या कामगारांना हाती पडणाऱ्या वेतनाच्या तब्बल ९५ टक्के रक्कम, कामावर जाण्यायेण्याच्या खर्चापोटी साडेसात डॉलर वजा करून, घरबसल्या मिळू लागली.

आपल्याकडे 'ले-ऑफ' हा शब्द कायद्याला परिचित आहे. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्याने तात्पुरत्या कामबंदीच्या काळात मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांच्या निम्मी रक्कम मालकाने द्यावी, असे बंधन घातले होते. अमेरिकेत असे सार्वत्रिक बंधन नाही. तेथे राज्याचा बेकारभत्ता कायद्याने मिळतो, 'सब-पे' मात्र केवळ संघटनेच्या कराराने. त्यामुळे त्याच्या अटीही करारातच असतात. संपामुळे काम थांबले तर तो मिळत नाही, ही त्यातील एक ठळक अट. २०२३च्या सप्टेंबरमध्ये मोटार कामगारांच्या संपाच्या वेळी कॅन्ससमधील जनरल मोटर्सच्या फेअरफॅक्स कारखान्यातील सुमारे २,००० कामगारांना घरी बसविण्यात आले, तेव्हा कंपनीने हेच कारण देऊन 'सब-पे' नाकारला होता. राज्याचा भत्ता वाढला की निधीची जोड तेवढी कमी होते, ही दुसरी अट. परतफेडीचा सारा प्रश्न या दुसऱ्या अटीतून निर्माण होतो.

वेतन की भत्ता?

नाव 'बेकारभत्ता' असले तरी आयकराच्या दृष्टीने 'सब-पे' हा बेकारभत्ता नाही. कामगारांनी स्वतः एक पैसाही न घातलेल्या, केवळ मालकाच्या पैशावर चालणाऱ्या निधीतून मिळणारी रक्कम आयकर खाते वेतन मानते. १९६९च्या करसुधारणा कायद्यानंतर तिच्यातून वेतनाप्रमाणेच कर कापून घेतला जाऊ लागला आणि वर्षअखेर कामगाराच्या हाती पडणाऱ्या डब्ल्यू-२ या प्रमाणपत्रात ती वेतनाच्या रकान्यात दिसू लागली. राज्य सरकारचा बेकारभत्ता मात्र १९७८पर्यंत करमुक्त होता. १९७९पासून वरच्या उत्पन्नगटांसाठी त्याचा काही भाग करपात्र झाला आणि १९८६च्या कायद्याने, १९८७ सालापासून, तो संपूर्ण करपात्र ठरला.

सामाजिक सुरक्षा आणि मेडिकेअर या करांची गोष्ट याहून वेगळी आहे. १९५६ आणि १९९० साली आयकर खात्याने काढलेल्या निर्णयांनुसार, जो 'सब-पे' राज्याच्या बेकारभत्त्याशी जोडलेला असतो आणि एकरकमी न देता आठवड्यागणिक दिला जातो, त्यावर हे कर आकारले जात नाहीत. नोकरीवरून काढताना दिल्या जाणाऱ्या सगळ्याच रकमांना ही सूट मिळावी, असा प्रयत्न क्वालिटी स्टोअर्स या दिवाळखोर किरकोळ विक्री कंपनीने केला. परंतु २०१४च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तो फेटाळला. राज्याच्या भत्त्याशी न जोडलेली सेवासमाप्तीची रक्कम म्हणजे वेतनच, असे न्यायालयाने म्हटले. एकच रक्कम आयकरासाठी वेतन आणि सामाजिक सुरक्षा करासाठी वेतन नव्हे, ही विसंगती अमेरिकी करकायद्यात अशी पन्नास-साठ वर्षे नांदत आहे.

परत करण्याचा प्रसंग

आयातीमुळे ज्यांचा रोजगार जातो, त्यांना वेगळा भत्ता देण्याची कल्पना १९६२च्या व्यापारविस्तार कायद्यातील. मुक्त व्यापाराचा लाभ साऱ्या देशाला आणि तोटा मात्र मूठभर कारखान्यांतील कामगारांना, हे न्याय्य नव्हे, असा त्यामागचा विचार होता. १९७४च्या व्यापार कायद्याने या भत्त्याच्या अटी सैल केल्या. आठवड्याच्या सरासरी वेतनाच्या ७० टक्के, पण कारखानदारीतील राष्ट्रीय सरासरी वेतनापेक्षा अधिक नाही, असे त्याचे प्रमाण ठरले. हा भत्ता मिळण्यापूर्वी आयात हेच बेकारीचे महत्त्वाचे कारण होते, असे प्रमाणपत्र केंद्रीय श्रम खात्याकडून मिळवावे लागे. अर्ज, चौकशी, प्रमाणपत्र या सोपस्कारांत महिनोन्महिने जात. भत्ता मंजूर झाला, की मागच्या आठवड्यांचीही रक्कम एकदम हाती पडे.

नेमकी येथेच गाठ पडते. ज्या आठवड्यांसाठी ही थकबाकी आली, त्याच आठवड्यांसाठी कामगाराने कंपनीच्या निधीतून 'सब-पे' घेऊन झालेला असे. सरकारी भत्ता वाढला म्हणून निधीची जोड मागील तारखेपासून कमी होई आणि निधीचे विश्वस्त जास्तीची रक्कम परत मागत. १९८० साली जपानी मोटारींच्या लाटेत डेट्रॉइट बुडू लागले, तेव्हा असे प्रसंग ढीगभर घडले. त्या एका वर्षात पाच लाखांहून अधिक कामगारांना व्यापार-पुनर्समायोजन भत्ता मिळाला आणि सरकारी तिजोरीतून सुमारे १.६ अब्ज डॉलर गेले. त्यातील मोठा वाटा मोटार कामगारांचा होता आणि 'सब-पे' घेणारेही तेच होते.

आता कराकडे पाहू. कामगाराने १९७९ साली 'सब-पे' घेतला, तो वेतन म्हणून करपात्र ठरला, कर कापला गेला. १९८० साली तो परत केला. १९७९चा कर मात्र सरकारजमा झालेला. मग १९७९चे विवरणपत्र सुधारून कर परत मागावा, असे कोणाही सामान्य माणसाला वाटेल. अमेरिकी कायदा तसे करू देत नाही, आणि त्याचे कारण त्याहून जुने आहे.

वर्षाची कुंपणे

अमेरिकेत करवर्ष म्हणजे जानेवारी ते डिसेंबर. त्या वर्षात जे हाती आले आणि ज्यावर आपला निर्विवाद हक्क आहे असे करदात्याला वाटले, ते त्या वर्षाचे उत्पन्न. पुढे तो हक्क खोटा ठरला तरी आधीच्या वर्षाला हात लावायचा नाही. हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९३२ साली एका तेल कंपनीच्या प्रकरणात मांडले आणि १९५१ साली लुईस खटल्यात त्याला अंतिम रूप दिले. लुईस नावाच्या नोकरदाराला १९४४ साली सुमारे २२,००० डॉलर बोनस मिळाला होता. बोनसचा हिशेब चुकला होता, असे राज्याच्या न्यायालयाने नंतर ठरविले आणि १९४६ साली त्याला सुमारे ११,००० डॉलर परत करावे लागले. १९४४चा कर नव्याने मोजा, ही त्याची मागणी सर्वोच्च न्यायालयाने अमान्य केली. परत केलेली रक्कम १९४६च्या उत्पन्नातून वजा करता येईल, १९४४च्या नाही, असा निकाल न्यायमूर्ती ह्युगो ब्लॅक यांनी दिला. युद्धकाळातील कराचे दर चढे होते, नंतर ते उतरले. साहजिकच भरलेला कर अधिक आणि मिळालेली सवलत कमी, असा लुईसचा तोटा झाला.

हा अन्याय काँग्रेसच्या ध्यानात आला. १९५४च्या आयकर संहितेत कलम १३४१ घालण्यात आले. आधीच्या वर्षी हक्काचे वाटून उत्पन्नात धरलेली रक्कम, हक्क नव्हता असे ठरल्यामुळे, नंतरच्या वर्षी परत करावी लागली आणि ती ३,००० डॉलरहून अधिक असली, तर करदात्यापुढे दोन हिशेब ठेवले जातात. पहिला, परतफेडीच्या वर्षात रक्कम उत्पन्नातून वजा करणे. दुसरा, आधीच्या वर्षी ही रक्कम मिळालीच नसती तर कर किती कमी झाला असता ते काढणे आणि तेवढी रक्कम परतफेडीच्या वर्षाच्या करातून सरळ वळती करून घेणे. ज्यात कर कमी पडेल तो हिशेब घ्यावा. दुसऱ्या हिशेबातील रक्कम भरलेल्या करासारखी मानली जाते. म्हणजे या वर्षी कर शून्य असला तरी ती परत मिळते, वाया जात नाही.

जुन्या वर्षाच्या विवरणपत्राला मात्र कोणत्याही हिशेबात स्पर्श होत नाही. १०४०-एक्स हा सुधारित विवरणपत्राचा नमुना भरून जुना कर परत मागणारे करदाते आजही आढळतात. पैसा मिळाला तेव्हा त्यांनी तो उत्पन्नात बरोबरच दाखविला होता, त्यामुळे सुधारण्यासारखी चूक त्या वर्षात नसतेच.

राहता राहिली ३,००० डॉलरची रेघ. ती १९५४ साली आखली गेली आणि तेव्हापासून तिला कोणी हात लावलेला नाही. १९५४चे ३,००० डॉलर महागाईच्या हिशेबाने आजच्या सुमारे ३५,००० डॉलरइतके होतात. तेव्हा मोठ्या रकमांसाठी असलेली सवलत महागाईमुळे आपोआप मध्यम रकमांपर्यंत पोहोचली. कायद्याच्या निष्क्रियतेने करदात्याचे भले झाल्याची अशी उदाहरणे थोडीच. तरीही बरोबर ३,००० डॉलर परत करणारा या रेघेच्या आत येत नाही. रक्कम त्याहून अधिकच असावी लागते.

१९८०ची दुरुस्ती

कलम १३४१ असूनही मोटार कामगारांची अडचण सुटली नव्हती. कारण परत केलेल्या रकमेची वजावट ही तेथील करपद्धतीत 'तपशीलवार' वजावट होती. अमेरिकेतील करदात्याला घरकर्जाचे व्याज, देणग्या वगैरेंची तपशीलवार यादी देऊन वजावट मागता येते, किंवा त्याऐवजी कायद्याने ठरविलेली प्रमाणित रक्कम घेता येते. दोन्ही एकदम नाही. भाड्याच्या घरात राहणाऱ्या किंवा बेताचे व्याज भरणाऱ्या कामगाराला प्रमाणित रक्कमच सोयीची असे. मग परत केलेल्या हजार-दोन हजार डॉलरची वजावट कागदावर राही, हातात काही पडत नसे.

१९८०च्या अखेरीस काँग्रेसने ही त्रुटी दूर केली. आज संहितेच्या कलम ६२ मधील (ए)(१२) या उपकलमात ती तरतूद आहे. त्यानुसार, व्यापार-पुनर्समायोजन भत्ता मिळाल्यामुळे निधीला 'सब-पे' परत करावा लागला, तर ती रक्कम ढोबळ उत्पन्नातूनच वजा होते. प्रमाणित रक्कम घेतली तरी ही वजावट मिळते आणि समायोजित ढोबळ उत्पन्न कमी होते. याचे महत्त्व केवळ करापुरते नाही. अमेरिकेतील अनेक सवलतींची पात्रता आणि अनेक राज्यांचा आयकर याच समायोजित उत्पन्नावरून ठरतो. त्यामुळे येथे कमी झालेला आकडा खाली बऱ्याच ठिकाणी उपयोगी पडतो.

तरतुदीच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. परतफेड अशा निधीला झाली पाहिजे, जो संहितेच्या कलम ५०१(सी) मधील ९ किंवा १७ या परिच्छेदांत बसतो. त्यांतील १७वा परिच्छेद १९६० साली खास या पूरक भत्त्यांच्या निधींसाठीच निर्माण झाला. परतफेडीचे कारणही व्यापार कायद्याखालील भत्ता हेच असले पाहिजे. हिशेबनीसाची चूक, पात्रतेविषयीचा वाद किंवा कामावर परतल्याची तारीख चुकणे, अशा कारणांनी 'सब-पे' परत केला, तर हे उपकलम लागू होत नाही.

विवरणपत्रात पूर्वी ही रक्कम समायोजनांच्या बेरजेशेजारच्या ठिपक्यांच्या ओळीवर 'सब-पे टीआरए' असे हाताने लिहून दाखवावी लागे. आता १०४० या विवरणपत्राच्या पहिल्या परिशिष्टात २४-ई ही तिची स्वतंत्र ओळ आहे. 'सब-पे' ज्या वर्षी मिळाला त्याच वर्षी परत केला असेल, तर या ओळीची गरजच नाही. मिळालेल्या रकमेतून परत केलेली वजा करून उरलेली रक्कम उत्पन्नात दाखवायची. म्हणूनच ३१ डिसेंबर ही तारीख या प्रकरणात निर्णायक ठरते.

आकड्यांत

कल्पनेतील एका कामगाराचे उदाहरण घेऊ. २०२१ साली त्याला ६,००० डॉलर 'सब-पे' मिळाला. त्या वर्षी त्याच्या उत्पन्नाच्या वरच्या टप्प्याला २२ टक्के दर लागू होता. पुढे व्यापार-पुनर्समायोजन भत्ता मंजूर झाला आणि २०२२च्या मार्चमध्ये त्याने निधीला ४,२०० डॉलर परत केले. त्या वर्षी अर्धा काळ बेकारीत गेल्याने त्याचा वरचा दर १२ टक्क्यांवर आला होता. वजावट घेतली तर त्याचा २०२२चा कर ५०४ डॉलरने कमी होतो. कलम १३४१चा दुसरा हिशेब केला, तर २०२१ साली या ४,२०० डॉलरवर भरलेले ९२४ डॉलर वळते होतात. फरक ४२० डॉलरचा. बेकारीच्या वर्षात उत्पन्न घसरते आणि दरही घसरतो, त्यामुळे अशा कामगारांना बहुधा दुसरा हिशेब फायद्याचा पडतो. उलट परतफेडीच्या वर्षी तो पुन्हा पूर्णवेळ कामावर असेल, जोडीला जादा तास असतील, तर वजावट अधिक लाभदायक ठरू शकते. राज्याचा आयकर समायोजित उत्पन्नावर अवलंबून असेल, तर वजावटीच्या पारड्यात तोही टाकावा लागतो. दोन्ही हिशेब कागदावर मांडल्यावाचून निर्णय करू नये.

याच कामगाराने २,८०० डॉलर परत केले असते, तर दुसरा हिशेब त्याला खुला नव्हता. वजावटीने ३३६ डॉलर सुटले असते, भरलेले मात्र ६१६ होते. २८० डॉलर गेले ते गेले. ४,२०० डॉलर एकदम न देता २,१०० डॉलरच्या दोन हप्त्यांनी, दोन वर्षांत दिले असते, तरी तीच गत. ३,००० डॉलरची कसोटी त्या त्या वर्षाच्या वजावटीला लागते. हप्ते मागणे अडचणीच्या काळात स्वाभाविक असते, पण त्याची अशीही किंमत मोजावी लागते.

व्यापार-पुनर्समायोजन भत्ता आता स्वतः बेकारभत्ता म्हणून संपूर्ण करपात्र आहे, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षात राहत नाही. भत्त्याची थकबाकी नोव्हेंबरमध्ये आली आणि 'सब-पे'ची परतफेड फेब्रुवारीत झाली, तर पहिल्या वर्षी एकाच आठवड्यांच्या दोन्ही रकमा उत्पन्नात धरल्या जातात. त्या वर्षाचे उत्पन्न फुगते, दर चढतो, काही सवलती हातच्या जातात. अशा वेळी कलम १३४१चा हिशेब करताना आधीच्या वर्षातील सवलतींवर झालेला परिणामही मोजायचा असतो. नुसती रक्कम गुणिले दर एवढ्यावर थांबले, तर कामगार आपलेच नुकसान करून घेतो.

ज्यांना ही सवलत नाही

वरच्या उपकलमाच्या बाहेर राहणाऱ्यांची स्थिती २०१८पासून बरीच बिकट झाली आहे. राज्याचा बेकारभत्ता चुकून जास्त मिळाला म्हणून परत करणारे, वेतन किंवा बोनस परत करणारे, किंवा व्यापार कायद्याशी संबंध नसलेल्या कारणाने 'सब-पे' परत करणारे, यांना ३,००० डॉलरपर्यंतच्या परतफेडीची वजावट पूर्वी किरकोळ तपशीलवार वजावटींत मिळे. तीही समायोजित उत्पन्नाच्या दोन टक्क्यांहून अधिक भागापुरतीच. २०१७च्या करकायद्याने या किरकोळ वजावटी २०१८पासून स्थगित केल्या. ती स्थगिती २०२५अखेर संपावयाची होती. परंतु ४ जुलै २०२५ रोजी संमत झालेल्या कायद्याने ती कायमची केली. परिणामी आज असा करदाता मागच्या वर्षी घेतलेले २,८०० डॉलर परत करतो, तेव्हा त्यावर भरलेल्या करापैकी त्याला एक सेंटही परत मिळत नाही. ३,००० डॉलरवरच्या रकमांना कलम १३४१चे दोन्ही मार्ग अद्याप खुले आहेत.

एकाच कारखान्यातील दोन कामगार शेजारी उभे असताना, एकाची परतफेड आयातीच्या भत्त्यामुळे आणि दुसऱ्याची कारकुनी चुकीमुळे, म्हणून एकाला वजावट आणि दुसऱ्याला शून्य, याचे समर्थन करणे कठीण आहे. दोघांनीही स्वतःचा न राहिलेला पैसा परत केला आणि दोघांनीही त्यावर कर भरला होता. दोन टक्क्यांच्या अटीमागे निदान लहान रकमांचा हिशेब टाळण्याचे प्रशासकीय कारण सांगता येत होते. आता तर हिशेब करण्यासारखे काही उरलेलेच नाही.

कोविडच्या काळातील बेकारभत्त्यांमुळे हा प्रश्न मोटार उद्योगाबाहेरच्या लाखो घरांपर्यंत गेला. घाईने वाटलेले भत्ते राज्यांनी नंतर परत मागितले. त्यात आणखी एक पेच होता. २०२० सालच्या बेकारभत्त्यापैकी १०,२०० डॉलरपर्यंतची रक्कम, समायोजित उत्पन्न दीड लाख डॉलरहून कमी असलेल्यांसाठी, २०२१च्या कायद्याने करमुक्त केली होती. ज्या रकमेवर करच भरला नव्हता, ती परत केल्याबद्दल वजावट मागता येत नाही.

अमेरिकेत नोकरीस असलेल्या मराठी अभियंत्यांवर 'सब-पे' परत करण्याची वेळ सहसा येत नाही. पण रुजू होताना मिळालेला बोनस, ठरलेल्या मुदतीपूर्वी नोकरी सोडल्यामुळे, परत करण्याची येते. बोनस ऑक्टोबरमध्ये मिळालेला आणि नोकरी पुढच्या मेमध्ये सुटलेली, हे चित्र काही दुर्मीळ नाही. तेथेही ३,००० डॉलरची रेघ तीच आणि वर्षाचे कुंपणही तेच. त्यात एक जादा ठेच लागते. वर्ष उलटल्यावर परत करताना, हाती पडलेली नव्हे तर कर कापण्यापूर्वीची संपूर्ण रक्कम मालक मागतो. कापलेला आयकर सरकारजमा झालेला असतो आणि मालकाला तो परत घेता येत नाही. सामाजिक सुरक्षा आणि मेडिकेअरचा भाग तेवढा मालक दुरुस्तीपत्रक भरून सोडवू शकतो आणि कर्मचाऱ्याला डब्ल्यू-२सी हे सुधारित प्रमाणपत्र देतो. त्या प्रमाणपत्रात आयकराच्या वेतनाचा आकडा बदललेला नाही, म्हणून मालकाची चूक झाली असे समजण्याचे कारण नाही. तो बदलायचाच नसतो.

आजची स्थिती

१९८१ साली व्यापार-पुनर्समायोजन भत्त्याची रक्कम राज्याच्या बेकारभत्त्याइतकीच करण्यात आली आणि राज्याचा भत्ता संपल्यावरच तो मिळावा, असे ठरले. त्यामुळे दोन भत्ते एकमेकांवर चढण्याचे प्रसंग बरेच कमी झाले. पुढे योजनेची मुदत अनेकदा वाढविली गेली. ३० जून २०२२ नंतर मात्र तिला मुदतवाढ मिळाली नाही. १ जुलै २०२२पासून श्रम खात्याने नव्या कामगारगटांना प्रमाणपत्र देणे थांबविले. त्यापूर्वी प्रमाणित झालेल्यांचे लाभ तेवढे चालू राहिले. योजना थांबली तरी कलम ६२ मधील उपकलम रद्द झालेले नाही आणि विवरणपत्रातील २४-ई ही ओळही निघालेली नाही.

ज्यांना ती ओळ अजून वापरावयाची आहे, त्यांनी चार कागद जपून ठेवणे इष्ट : 'सब-पे' मिळाल्याच्या वर्षाचे डब्ल्यू-२ प्रमाणपत्र आणि विवरणपत्राची प्रत, व्यापार-पुनर्समायोजन भत्ता मंजूर झाल्याचे पत्र, निधीच्या विश्वस्तांचे परतफेडीची मागणी करणारे पत्र आणि रक्कम दिल्याचा बँकेचा पुरावा. यांपैकी तिसऱ्या कागदात परतफेडीचे कारण व्यापार कायद्याखालील भत्ता हेच असल्याचा स्पष्ट उल्लेख आहे की नाही, हे रक्कम देण्यापूर्वी पाहावे. नसल्यास तो लिहून मागावा. वर्षे लोटल्यावर विश्वस्तांच्या कार्यालयातून असे पत्र मिळविणे फार कष्टाचे होते.